"हिच्यावर शिक्का आणि तारीख": बँक आणि मोबाईल कंपनीकडे पहिल्यांदाच तक्रार करणाऱ्यांसाठी

बँकेत माझं टेबल दाराला लागून होतं. त्यामुळे चिडून आलेला माणूस आधी माझ्यावरच आदळायचा. "पैसे कापलेच कसे?", "तुमचा मॅनेजर कुठाय?", "खातंच बंद करून टाकतो!" दहा मिनिटं हे चालायचं. मग कोणीतरी पाणी द्यायचं, कोणीतरी "बघतो साहेब" म्हणायचं आणि माणूस निवळून घरी जायचा. संध्याकाळी आवराआवर करताना त्या भांडणाचा एक चिटोराही माझ्या टेबलावर नसायचा. कागद नाही, म्हणजे बँकेच्या लेखी त्या दिवशी काही घडलंच नव्हतं.

आमच्याकडे एक निवृत्त तलाठी यायचे. आवाज कधी चढवला नाही. कापडी पिशवीतून अर्जाच्या दोन प्रती काढायचे, एक माझ्यापुढे सरकवायचे आणि दुसरीवर बोट ठेवून म्हणायचे, "मॅडम, हिच्यावर शिक्का आणि तारीख." बस्स. ते दारात दिसले की आमचे मॅनेजर केबिनमधून उठून बाहेर यायचे.

नोकरी संपल्यापासून मीही काउंटरच्या बाहेर उभी आहे. भाचा, त्याचे रूममेट, सोसायटीतल्या मुली असं कोणी ना कोणी येत असतं. पहिली नोकरी, पगाराचं पहिलं खातं, स्वतःच्या नावावरचं पहिलं सिम, आणि पहिल्यांदाच "मावशी, पैसे कट झाले." त्यांना जे सांगते तेच इथे जरा सविस्तर लिहिते आहे.

आधी एक वही

मोबाईलमधलं नोट्सचं ॲप चालेल, पण मला वहीच बरी वाटते. प्रत्येक तक्रारीला एक पान द्यायचं. वर तारीख, वेळ, रक्कम. खाली व्यवहार क्रमांक. यूपीआयच्या प्रत्येक व्यवहाराला बारा आकडी संदर्भ क्रमांक असतो, ॲपमधल्या व्यवहारावर बोट ठेवलं की दिसतो. एटीएमची स्लिप आली असेल तर तिच्यावर त्या मशीनचा क्रमांक असतो. त्या स्लिपचा लगेच फोटो काढा, कारण तिची शाई दोन महिन्यांत उडून जाते आणि हातात कोरा कागद राहतो.

मग प्रत्येक फोनची नोंद: किती वाजता केला, कोण बोललं, काय म्हणालं. आणि सर्वांत महत्त्वाचं, तक्रार क्रमांक. मोबाईल कंपनीवाले त्याला डॉकेट नंबर म्हणतात. कस्टमर केअरची मुलगी पंधरा मिनिटं गोड बोलेल, "आपली अडचण समजली सर" म्हणेल, पण नंबर मागितल्याशिवाय फोन ठेवू नका. "नंबर सिस्टीममध्ये आला नाही" असं म्हणाली तर "मी थांबतो" म्हणा. बहुतेक वेळा येतो.

हा सगळा खटाटोप कशासाठी? पुढे जे तीस आणि एकोणचाळीस दिवस सांगणार आहे, ते लेखी किंवा क्रमांकासकट झालेल्या तक्रारीपासून किंवा अपिलापासून मोजतात. भांडणापासून कोणी मोजत नाही.

एटीएमने पैसे दिले नाहीत, खात्यातून मात्र गेले

हे उदाहरण जरा निवांत सांगते, कारण यात सगळी यंत्रणा दिसते.

भाचा ३ जूनच्या रात्री एसटी स्टँडसमोरच्या एटीएमवर गेला. काढायला पाच हजारांचा आकडा टाकला, मशीन बराच वेळ घरघरलं, पडद्यावर काहीतरी आलं आणि गेलं. नोट एकही नाही. मेसेज आला: पाच हजार वजा. एटीएम दुसऱ्याच बँकेचं होतं. म्हणून दुसऱ्या दिवशी स्वारी त्या बँकेच्या शाखेत जाऊन अर्धा तास रांगेत उभी राहिली आणि हात हलवत परत आली.

नवख्यांची पहिली चूक हीच. एटीएम कोणाचंही असो, तक्रार आपल्या बँकेत करायची, जिचं कार्ड आपल्या खिशात आहे तिच्याकडे. त्या दोन बँका आपसात काय ते बघून घेतात.

आत काय होतं ते सांगते. प्रत्येक एटीएम आपला रोजनामा लिहीत असतं: कार्ड आत गेलं, पिन बरोबर, नोटा मोजल्या, नोटा तोंडाशी आल्या, ग्राहकाने उचलल्या किंवा नाही. याला इलेक्ट्रॉनिक जर्नल म्हणतात, बँकेत नुसतं "ईजे". शिवाय मशीनमध्ये रोकड भरायला माणसं येतात तेव्हा आतली रक्कम मोजली जाते. हिशेबापेक्षा पाच हजार जास्त निघाले तर ते कोणाचे, हे ईजे सांगतं. म्हणजे तुमचं म्हणणं खरं असेल तर त्याचा पुरावा बँकेकडेच पडलेला असतो. तो बघायला कोणीतरी लावावं लागतं, एवढंच.

रिझर्व्ह बँकेचं २० सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक यासाठीच आहे. एटीएममधून नोटा न येता खातं वजा झालं, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत पैसे परत यायला हवेत. त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई, आणि ती बँकेने न मागता द्यायची आहे. दुकानात कार्ड घासलं आणि असंच झालं तर मुदत तीच. यूपीआयने माणसाला पैसे पाठवले, इथून गेले आणि तिथे पोचले नाहीत, तर एकच दिवस. दुकानदाराला पाठवलेले असतील तर पाच. भरपाई तिथेही शंभर रुपये रोज.

भाच्याला ९ जूनला बसवून अर्ज लिहायला लावला. तो इथे देते, हवा तर जसाच्या तसा उतरवून घ्या:

*प्रति, शाखा व्यवस्थापक.*
*विषय: ३ जून रोजी एटीएममधून न मिळालेले रु. ५,००० परत मिळण्याबाबत.*
*माझा खाते क्रमांक अमुक. ३ जून रोजी रात्री ९.४० वाजता तमुक ठिकाणच्या एटीएममधून (मशीन क्रमांक सोबतच्या स्लिपवर आहे) रु. ५,००० काढण्याचा प्रयत्न केला. रोकड मिळाली नाही, खात्यातून मात्र रक्कम वजा झाली. त्याच रात्री कस्टमर केअरला तक्रार केली, तक्रार क्रमांक अमुक. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार पाच दिवसांची मुदत ८ जूनला संपली आहे. तरी रु. ५,००० आणि ९ जूनपासून दररोज रु. १०० भरपाई माझ्या खात्यात जमा करावी. व्यवहार यशस्वी झाल्याचे आपले म्हणणे असल्यास त्या मशीनच्या ईजेची प्रत द्यावी आणि सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवावे.*

एवढंच. "मी आपला दहा वर्षांपासूनचा ग्राहक असून मला अतिशय मनस्ताप झाला" वगैरे नाही. त्याने आधी दीड पान लिहिलं होतं, त्यात बँकेला दोन शिव्याही होत्या. सगळं काढायला लावलं. अर्ज वाचणाऱ्याला दिवसभरात असे वीस अर्ज वाचायचे असतात. त्याला हवी ती चार माहिती पहिल्या पाच ओळींत सापडली की काम पुढे सरकतं.

शेवटचं वाक्य मात्र सोडू नका. पहिलं उत्तर हमखास "ट्रान्झॅक्शन सक्सेसफुल" असं येतं, कारण पहिल्या टेबलावरचा माणूस ईजे उघडत नाही, नुसता संगणकावरचा शेरा वाचतो. ईजे आणि सीसीटीव्ही हे दोन शब्द दिसले की अर्ज पुढच्या टेबलावर जातो. चित्रण कायमचं ठेवत नाहीत, म्हणून ते लवकर मागायचं.

पैसे २२ जूनला आले. पाच हजार, वर एक पैसा नाही. भाचा खूश, पेढे आणायला निघाला. मी त्याला परत बसवलं. ८ जून ते २२ जून, चौदा दिवस, चौदाशे रुपये. दोन ओळींचा ईमेल गेला आणि आठवड्याभरात चौदाशे जमा झाले. न मागता द्यायची रक्कम मागूनच मिळाली, पण मिळाली.

दोन प्रती, एक शिक्का

अर्ज हातोहात देणार असाल तर दोन प्रती. आपल्या प्रतीवर, म्हणजे ओसीवर, शाखेचा शिक्का, तारीख आणि घेणाऱ्याची सही. "इनवर्डवाल्या मॅडम रजेवर आहेत" हे उत्तर आम्हीही दिलेलं आहे, तेव्हा त्यावर फार विश्वास ठेवू नका. शिक्का कोणत्याही टेबलावरचा माणूस मारू शकतो. अगदीच नकार दिला तर तिथेच उभं राहून शाखेच्या ईमेलवर अर्जाचा फोटो पाठवा, किंवा सरळ स्पीड पोस्टाने धाडा आणि पावती वहीत चिकटवा.

अर्ज मराठीत चालतो का, असं बरेच जण विचारतात. चालतो. चेकसुद्धा मराठीत लिहिता येतो, रिझर्व्ह बँकेचाच तसा नियम आहे. काउंटरवरच्या परप्रांतीय मुलाला वाचता आला नाही तर तो शेजारच्याकडून वाचून घेईल. त्याच्यावर ओरडू मात्र नका. बदली होऊन तो इथे आलाय आणि त्याला खोली मिळत नाहीये, हे मला ठाऊक आहे.

शाखेने दाद दिली नाही तर

प्रत्येक बँकेच्या संकेतस्थळावर तक्रार निवारणाचं पान असतं, त्यावर नोडल अधिकाऱ्याचा, म्हणजे तक्रारींसाठी नेमलेल्या वरच्या अधिकाऱ्याचा, ईमेल असतो. शाखेकडून आठवडा-दहा दिवसांत हालचाल नाही दिसली की तोच अर्ज, ओसीच्या फोटोसकट, तिकडे पाठवा. विषयाच्या ओळीत जुना तक्रार क्रमांक लिहा. नवी कहाणी सांगत बसू नका.

पहिल्या लेखी तक्रारीपासून तीस दिवस झाले आणि उत्तर नाही, किंवा उत्तर आलं पण पटलं नाही, की रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाता येतं. १२ नोव्हेंबर २०२१ पासून देशभरासाठी एकच एकत्रित योजना आहे, त्यामुळे कोणता लोकपाल आपला हे शोधावं लागत नाही. सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन या पोर्टलवर तक्रार टाकायची. इंटरनेट जमत नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या चंदीगडच्या केंद्रावर साधं पत्र पाठवा. ते कोणत्याही भाषेतलं पत्र घेतात, मराठीसुद्धा. चौकशीला १४४४८ हा फोन आहे. फी नाही.

इथे तक्रारी कशामुळे परत येतात ते माहीत असू द्या. आधी बँकेकडे तक्रारच केली नाही. केली, पण तीस दिवस थांबलं नाही. तोच विषय आधीच कोर्टात किंवा ग्राहक आयोगात आहे. तक्रार वकिलामार्फत केली. हो, वकील लावलात तर तक्रार घेत नाहीत, ती स्वतःच्याच नावाने करायची. आणि "मला कर्ज दिलं नाही" ही तक्रार तिथे चालत नाही. कर्ज द्यायचं की नाही हा बँकेचा निर्णय असतो.

आणखी एक खास आपल्याकडची गोम. महाराष्ट्रात गल्लोगल्ली पतसंस्था आहेत. पाटीवर कधीकधी असं काही लिहिलेलं असतं की नवख्याला ती बँकच वाटावी. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीत येत नाही, तिथे लोकपाल नाही, आणि बँकेतल्या ठेवींना असतं तसं पाच लाखांपर्यंतचं विम्याचं संरक्षणही नाही. तिथली तक्रार सहकार खात्याकडे, म्हणजे तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे किंवा जिल्ह्याच्या उपनिबंधकाकडे जाते. ठेव ठेवण्याआधी हे बघितलेलं बरं.

पासबुकातल्या अनोळखी नोंदी

माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या तक्रारी या असतात. पासबुक भरून घ्या, किंवा ॲपमधून वर्षाचं स्टेटमेंट काढा आणि पेन घेऊन बसा.

४३६ रुपये आणि २० रुपये दिसले तर घाबरू नका. ४३६ म्हणजे पंतप्रधान जीवन ज्योती विमा, २० म्हणजे सुरक्षा विमा. दोन्ही दरवर्षी मे महिन्याच्या अखेरीस आपोआप कापले जातात. खातं उघडताना वीस सह्या केल्यात त्यातली एक याची होती. विमे वाईट नाहीत, स्वस्त आहेत. पण नको असतील तर शाखेत लेखी द्या की नूतनीकरण करू नका. मुळात संमती दिलीच नव्हती असं असेल तर संमतीचा फॉर्म दाखवा म्हणावं.

मिनिमम बॅलन्सचा दंड: स्टेट बँकेने तो मार्च २०२० मध्येच बंद केला, २०२५ मध्ये आणखी काही सरकारी बँकांनी काढून टाकला. खासगी बँकांत मात्र तो जोरात आहे. पगाराचं खातं असतं तोवर शिल्लक शून्य चालते. नोकरी सोडलीत, पगार यायचा थांबला, की थोड्या महिन्यांत तेच खातं साधं बचत खातं होतं आणि दंड सुरू. नोकरी बदलताना नव्या कंपनीचं खातं उघडून जुनं तसंच सोडून देणारी मुलं इथे अडकतात. नियम असा की दंड लावण्याआधी बँकेने कळवायला हवं आणि शिल्लक भरायला किमान महिना द्यायला हवा. दंड कमी पडलेल्या रकमेच्या प्रमाणात हवा. आणि नुसत्या दंडामुळे खातं उणेमध्ये जाता कामा नये. "खात्यात उणे १,८०० आहेत, आधी ते भरा, मग खातं बंद करू" असं सांगितलं तर हा शेवटचा मुद्दा लेखी मांडा. आमच्या सोसायटीतल्या एका मुलीचे उणे आकडे अशा एका ईमेलवर शून्य झाले.

एटीएमचे तेवीस रुपये: फुकटचे व्यवहार संपले की पुढच्या प्रत्येकाला हे कापतात. आपल्या बँकेच्या एटीएमवर महिन्याला पाच व्यवहार फुकट. दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर मेट्रो शहरात तीन, इतरत्र पाच. मेट्रो म्हणजे मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बंगळुरू आणि हैदराबाद. पुणं त्यात नाही. पुणेकरांनी हे मनाला लावून घेऊ नये, दोन व्यवहार जास्तच मिळतात. नुसती शिल्लक बघितली तरी तो व्यवहार मोजला जातो, हे मात्र विसरू नका.

आणि एफडी करायला गेलात आणि हातात विमा पॉलिसी पडली, तर? "सर, एफडीपेक्षा चांगलं आहे, पाच वर्षं भरा." टार्गेटचा महिना असला की हे होतं. आमच्यावरही दबाव असायचा आणि मला त्याचा अजून संकोच वाटतो. पॉलिसीचा कागद हातात आल्यापासून तीस दिवस ती परत करता येते. थोडी किरकोळ वजावट होऊन पैसे परत मिळतात. अर्ज विमा कंपनीकडे, प्रत बँकेला. एकतिसाव्या दिवशी आलात तर माझ्याकडेही उपाय नाही.

क्रेडिट कार्ड बंद करायचं असेल तर बाकी शून्य करा आणि लेखी कळवा. सात कामाच्या दिवसांत बंद केलं नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला पाचशे रुपये त्यांनी तुम्हाला द्यायचे आहेत. फोनवरचा माणूस "वार्षिक फी माफ करतो, ठेवा ना" म्हणेल. ठेवायचं नसेल तर ठेवू नका.

फसवणूक झाली असेल तर वरचं सगळं नंतर

इथे वही नंतर, फोन आधी. तुम्ही न केलेला व्यवहार दिसला की त्याच मिनिटाला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन करा, आणि बँकेच्या हेल्पलाईनला सांगून कार्ड, यूपीआय, नेटबँकिंग बंद करा. चोराने पैसे एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात हलवायच्या आत ते गोठवता येतात, नंतर ते अवघड होत जातं. "उद्या सकाळी शाखेत जाऊन विचारतो" हे इथे चालत नाही.

मग बँकेला लेखी कळवा. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही, तिसऱ्याच कोणाची आहे, आणि तुम्ही बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामाच्या दिवसांत कळवलंत, तर तुमची जबाबदारी शून्य. चार ते सात दिवसांत कळवलंत तर साध्या बचत खात्याला जास्तीत जास्त दहा हजारांपर्यंतचा भार तुमच्यावर येऊ शकतो. कळवल्यावर दहा कामाच्या दिवसांत बँकेने ती रक्कम तात्पुरती खात्यात दाखवायची असते आणि नव्वद दिवसांत निकाल लावायचा असतो. ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करायची जबाबदारीही बँकेची.

ओटीपी स्वतःच सांगितला असेल तर? तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणून लाज वाटली तरी गप्प बसू नका. माझ्या ओळखीचे एक प्राध्यापक दोन दिवस घरात कोणाला बोलले नाहीत, आणि त्या दोन दिवसांत उरलेलं खातं रिकामं झालं.

जाता जाता: बँकांनी सेवेच्या फोनसाठी १६०० ने सुरू होणारे क्रमांक घेतलेत आणि संकेतस्थळं डॉट बँक डॉट इन अशी केलीत. "आज रात्री केवायसी बंद होईल" असा फोन साध्या दहा आकडी मोबाईलवरून आला तर तो बँकेचा नाही, असं धरून चाला.

आता मोबाईल कंपनी

मोबाईलवाल्यांची गॅलरी म्हणजे नुसती विक्रीची जागा. तिथल्या मुलाच्या हातात काही नसतं, त्याच्यावर चिडण्यात अर्थ नाही. ट्रायकडे, म्हणजे मोबाईल कंपन्यांवरच्या सरकारी नियामकाकडे, लोक थेट तक्रार करतात, पण ट्राय नियम करतं, एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही. रस्ता दोन पायऱ्यांचा आहे. पहिली पायरी कस्टमर केअर, डॉकेट नंबर. समाधान झालं नाही की दुसरी पायरी, कंपनीचंच अपील प्राधिकरण. हे फारसं कोणाला माहीत नसतं. प्रत्येक कंपनीच्या संकेतस्थळावर, शक्य तितक्या खालच्या कोपऱ्यात, त्याचा ईमेल असतो. तक्रारीची मुदत संपल्यापासून तीस दिवसांत अपील करायचं, फी नाही, आणि एकोणचाळीस दिवसांत त्यांनी निर्णय द्यायचा. अपिलात डॉकेट नंबर नसेल तर पहिल्याच फेरीत बाद.

न मागितलेली कॉलर ट्यून, भविष्य, क्रिकेटचे मेसेज सुरू होऊन बॅलन्स जात असेल तर १५५२२३ या क्रमांकावरून ती सेवा बंद करता येते. अशी सेवा सुरू करण्याआधी कंपनीने दोनदा संमती घ्यायची असते. सुरू झाल्यापासून चोवीस तासांत तक्रार केलीत तर कापलेले पैसे परत मिळतात. जाहिरातींचे फोन थांबवायचे असतील तर १९०९ ला मेसेज: इंग्रजीत स्टार्ट, मग शून्य.

रिचार्जचा महिना अठ्ठावीस दिवसांचा, ही तर घरोघरची चिडचिड. वर्षाचे ३६५ दिवस भागिले २८, म्हणजे बारा महिन्यांत तेरा रिचार्ज. २०२२ साली ट्रायने सांगितलं की प्रत्येक कंपनीने तीस दिवसांचा आणि दर महिन्याला त्याच तारखेला संपणारा, असे प्लॅन ठेवलेच पाहिजेत. आहेतही. पण ॲप उघडलं की ते वर दिसत नाहीत, यादी खाली खाली सरकवत जावी लागते. गावाकडे आई-वडिलांकडे बटणांचा फोन असेल आणि तुम्ही इथून त्यांना रोज दोन जीबीचा रिचार्ज मारत असाल तर थांबा. डिसेंबर २०२४ च्या नियमाने नुसत्या कॉल आणि मेसेजचे प्लॅन देणं सक्तीचं झालंय, आणि ते ३६५ दिवसांपर्यंतचे असू शकतात. माझ्या आईचा तसाच आहे. डेटाशिवायचा प्लॅन मागितला तेव्हा दुकानदाराने "असं काही नसतं" म्हणून हात झटकले होते. ॲपमध्ये सापडला.

सगळं करूनही वैताग असेल तर पोर्ट मारा, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदला. इंग्रजीत पोर्ट, मोकळी जागा आणि आपला नंबर असा मेसेज १९०० ला. जो कोड येतो तो चार दिवस चालतो. त्या कंपनीत नव्वद दिवस झालेले हवेत, पोस्टपेडचं बिल भरलेलं हवं. प्रीपेडची शिल्लक सोबत येत नाही, म्हणून रिचार्ज संपत आला की निघा. सिम नुकतंच बदललं असेल तर सात दिवस कोड मिळत नाही. चोर डुप्लिकेट सिम काढून नंबर पळवतात म्हणून १ जुलै २०२४ पासून ही अट आली. पोर्ट व्हायला तीन कामाचे दिवस लागतात, सर्कल, म्हणजे मोबाईल सेवेचा विभाग, बदलत असेल तर पाच. आणि सर्कल म्हणजे राज्य नव्हे. मुंबई वेगळं सर्कल, त्यात नवी मुंबई आणि कल्याणही येतं. गोवा मात्र महाराष्ट्र सर्कलमध्ये. कोल्हापूरचं सिम घेऊन कल्याणला आलात तर कागदोपत्री तुम्ही परमुलखात आहात, पणजीला गेलात तर घरीच.

जुना नंबर सोडून देणाऱ्यांसाठी एक सूचना, आणि ही मी बँकेच्या बाजूने देते आहे. नव्वद दिवस नंबर अजिबात वापरला नाही तर कंपनी तो बंद करू शकते आणि काही काळाने दुसऱ्याला देते. तुमच्या खात्याला तोच नंबर जोडलेला असेल तर ओटीपी त्या दुसऱ्याच्या खिशात वाजतो. आधी बँक, आधार, गॅस या सगळीकडे नंबर बदला, मग सिम सोडा. वीस रुपये शिल्लक ठेवली तर प्रीपेड नंबर नव्वद दिवसांनंतरही दर महिन्याला वीस रुपये कापून घेऊन जिवंत राहतो. तेवढ्यात ही कामं उरकतात.

शेवटचं दार

लोकपालाने किंवा अपील प्राधिकरणाने हात वर केले तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. मोबाईल कंपन्या पूर्वी "आमच्याविरुद्ध इथे येता येत नाही" असं म्हणायच्या. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने येता येतं असं स्पष्ट केलं. आपण राहतो किंवा काम करतो त्याच जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते, कंपनीचं मुख्यालय कुठेही असो. त्या सेवेसाठी आपण मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील लागत नाही. मुदत दोन वर्षं. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाईनवर तक्रार नोंदवून बघा, बऱ्याच कंपन्या तिथूनच नरमतात. मुंबईत असाल तर १९७५ पासून काम करणारी मुंबई ग्राहक पंचायत आहे, सल्ला मिळतो.

आयोगात वेळ लागतो, तारखा पडतात. दोनशे रुपयांसाठी तिथे जा असं मी कोणाला सांगणार नाही. पण मला स्वतःला जावं लागेल असं दिसतंय. आमचं जुनं ब्रॉडबँड मी रीतसर अर्ज देऊन बंद केलं, मोडेम परत केला, पावती घेतली. तरी बिलं येतच राहिली, आणि आता वसुलीवाल्याचे फोन. डॉकेट नंबर तीन आहेत, तिन्हींना "बिल योग्य आहे" हेच उत्तर. अपील पाठवून आज सव्वीस दिवस झाले. आयोगाचा अर्ज टाईप करून ठेवला आहे, दोन प्रती, मोडेमच्या पावतीची झेरॉक्स मागे टाचलेली. तारखेची जागा तेवढी मोकळी सोडली आहे.